ऑर्किडचं मिश्रण: कुंडी किती दिवसांत वाळते ते आधी बघ

तुझा प्रश्न थोडक्यात असा. फेब्रुवारीत लग्नाच्या वाढदिवसाला जांभळं फॅलेनॉप्सिस ऑर्किड मिळालं. फुलं एप्रिलपर्यंत टिकली. ती गळल्यावर तू बागेतली माती, गांडूळखत आणि कोकोपीट सारखं-सारखं घेऊन झाड चांगल्या मोठ्या कुंडीत लावलंस. आता जून संपत आलाय, पानं जुन्या पाकिटाच्या चामड्यासारखी सुरकुतली आहेत, आणि रोज पाणी घालूनही टवटवी येत नाही. इंदूरचं घर, तिसरा मजला, पूर्वेची बाल्कनी, बोअरचं पाणी. वर विचारतेस, "काकू, नेमकं कोणतं मिश्रण वापरू? ऑनलाइन चारशे रुपयांत तयार ऑर्किड मिक्स मिळतंय, मागवू का?"

थांब जरा. मागवायचं की नाही ते नंतर बघू. आधी आज संध्याकाळी झाड कुंडीतून बाहेर काढ.

पान सुरकुतलं की त्याच्यापर्यंत पाणी पोचत नाहीये एवढंच कळतं, का पोचत नाहीये ते पान सांगत नाही. एक तर कुंडीत पाणीच नाही, किंवा पाणी भरपूर आहे आणि ते पिणारी मुळं मेली आहेत. दोन्हीकडे पान सारखंच दिसतं, म्हणून बहुतेक लोक दुसऱ्या दुखण्यावर पहिल्याचं औषध देतात, म्हणजे आणखी पाणी. तू रोज घालतेस म्हणालीस तेव्हाच मला अंदाज आला. मुळं दोन बोटांत धरून हलकेच दाबून बघ. जिवंत मूळ टणक लागतं. मेलेलं पोकळ लागतं, आणि जरा ओढलं की वायरीवरचं प्लास्टिक सुटावं तशी वरची साल हातात येते, आत नुसता दोरा उरतो. आणखी एक गंमत बघशील: बुंध्याच्या अगदी खाली मुळांच्या गुंत्यात मॉसचा, म्हणजे वाळवलेल्या शेवाळाचा, नाहीतर कोकोपीटचा एक घट्ट गोळा असेल, लिंबाएवढा. रोप लहान असताना रोपवाटिकेत ज्यात वाढवलं तो हा गोळा. कुंडी बदलताना तो कोणी काढत नाही, कारण तो दिसतच नाही. कुंडीचा बाकीचा भाग वाळला तरी तो आठ-आठ दिवस ओला राहतो आणि सगळी कुजण्याची सुरुवात तिथून होते. माझ्याकडे लोक जी आजारी फॅलेनॉप्सिस घेऊन येतात, त्यांच्यापैकी निम्म्यांत तरी दोषी हा गोळाच सापडतो.

आता मातीचं. आपण माळव्यातले लोक, 'मालव माटी गहन गंभीर, डग डग रोटी पग पग नीर' ऐकत मोठे झालो. ती गहन गंभीर काळी माती गव्हाला, सोयाबीनला सोन्यासारखी आहे. ओली झाली की ती फुगून सगळ्या फटी बंद करते आणि वाळली की भेगाळते. ऑर्किडच्या मुळाला यातलं काहीच सोसत नाही. आणि खताचं म्हणशील तर आपल्या गावाचं नाव जगभर झालं तेच मुळी कंपोस्टमुळे. इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ इथे इंदूरला इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्रीत होते, यशवंत वाड त्यांचे सहकारी, आणि त्यांनी बसवलेल्या पद्धतीला आजही शेतीच्या पुस्तकांत 'इंदूर पद्धत' म्हणतात. आपलं कृषी महाविद्यालय त्याच जागेवर उभं आहे. तेव्हा इंदूरच्या माणसानं झाडाला कंपोस्ट घातलं तर त्याला नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही. पण फॅलेनॉप्सिसला ते चालत नाही, एवढं खरं.

का चालत नाही ते मुळाकडे बघितलं की समजतं. फॅलेनॉप्सिस, डेंड्रोबियम, कॅटलिया, व्हँडा ही सगळी झाडावर राहणारी मंडळी. आपल्याकडे त्यांना सरसकट बांडगूळ म्हणून मोकळे होतात, ते चूक आहे. बांडगूळ यजमान झाडाचा रस पितं; ही फक्त फांदीचा आधार घेतात. सातपुड्यात पचमढीकडे जाताना जुन्या आंब्यांवर, मोहांवर व्हँडा टेसेलाटा दिसते. तिची मुळं सालीवर उघडी लोंबत असतात, अंगाखाली मातीचा कण नाही. मुळावर जे पांढरट जाड आवरण असतं त्याला व्हेलामेन म्हणतात. मेलेल्या, पोकळ पेशींचे ते थर टीपकागदासारखं काम करतात. पावसाची सर आली की मिनिटा-दोन मिनिटांत पाणी ओढून घेतात आणि रुपेरी मूळ डोळ्यांदेखत हिरवं होतं, कारण ओल्या आवरणातून आतला हिरवा भाग दिसायला लागतो. सर थांबली, वारा सुटला, की पुन्हा वाळायला सुरुवात. भिजणं आणि वाळणं या दोन्हींवर त्या मुळाची सगळी घडण झालेली आहे. वाळायची संधी दिली नाहीस तर त्याला हवा मिळत नाही आणि ते कुजतं.

म्हणजे मिश्रण हे झाडाचं जेवण नव्हे. त्याची कामं दोनच: झाडाला उभं धरायचं आणि अंगातला ओलावा ठरावीक दिवसांत सोडून द्यायचा. त्यामुळे "कोणतं मिश्रण" हा प्रश्न मी उलटा विचारते. तुझ्या बाल्कनीत, तुझ्या कुंडीत, तुझ्या हाताच्या सवयीनं, ओलावा किती दिवस टिकतो? फॅलेनॉप्सिसला भरपूर पाणी दिल्यापासून ते जवळजवळ वाळेपर्यंत तीन ते पाच दिवस लागले तर ते मिश्रण तुझं. आठ दिवस लागत असतील तर तुकडे जाड कर, एका दिवसात वाळत असेल तर त्यात ओल धरणारं काही वाढव.

हे मला पुस्तकानं नाही, दोन वर्षांच्या नुकसानीनं शिकवलं. ठाण्याच्या माझ्या मावसबहिणीकडे डेंड्रोबियम नुसत्या कोळशात अशी काही फुलत की बघत राहावं. मी तीच कृती उचलली, अगदी कोळशाच्या तुकड्याच्या मापासकट. एप्रिलमध्ये माझी झाडं काटक्या झाली. दिवसातून दोनदा पाणी घालूनही कोळसा तासाभरात ठणठणीत कोरडा. मग दुसऱ्या वर्षी मी शहाणी झाले आणि सगळ्यांना बारीक कुटलेल्या नारळाच्या सोडणात बसवलं. मे महिना झकास गेला. ऑगस्टमध्ये आठ दिवस झड लागली, ऊन दिसलं नाही, आणि अकरा डेंड्रोबियम बुडातून काळी पडली. ठाण्याला हवा वर्षभर दमट, तिथे नुसता कोळसा चालतो. आपण समुद्रापासून लांब, साडेपाचशे मीटर उंचावर. मे महिन्यात दुपारी हवेतली आर्द्रता वीस टक्क्यांच्याही खाली जाते, ऑगस्टमध्ये नव्वदीला टेकते, आणि जानेवारीच्या रात्री पारा दहाच्या खाली उतरतो. एकाच कुंडीला तीन गावांची हवा सोसायची आहे. त्यामुळे मुंबई-पुण्याची किंवा कोलकात्याची कृती जशीच्या तशी इथे आणू नकोस, आणि माझी कृतीसुद्धा ग्वाल्हेरच्या नणंदेला पाठवू नकोस. तिथली थंडी आणि लू दोन्ही आपल्यापेक्षा कडक.

मग काय वापरायचं? चार वस्तूंवर माझं सगळं भागतं: कोळसा, वीट, नारळाचं सोडण, आणि जरासं स्फॅग्नम मॉस.

कोळसा लाकडाचा हवा, दगडी नव्हे. लाकडाच्या टालीवर, म्हणजे वखारीत, बाभळीचा मिळतो, तो टणक असतो आणि वर्षानुवर्षं भुगा होत नाही. इस्त्रीवाल्या भैयाकडूनही किलोभर मागून आणता येतो. दाबून केलेल्या गोळ्या नकोत, त्यांत चिकटवणारं काहीतरी असतं. पोत्यात घालून हातोडीनं फोड, नाकाला रुमाल बांध, आणि पोहे चाळायच्या मोठ्या चाळणीतून चाळून घे. वर उरेल ते आपलं, खाली पडेल ते गुलाबाला. मग धुवायचा. गच्चीवर धुणार असशील तर खालच्या मजल्यावरच्यांना वाळत घातलेले कपडे आधी काढायला सांग. मी एकदा सांगितलं नव्हतं. कोळसा कुजत नाही, मिश्रण मोकळं ठेवतो. पण पाण्यातले क्षार त्याच्या अंगात साठत जातात, म्हणून दोन-तीन वर्षांनी तो बदलावा.

वीट भट्टीची, पक्की भाजलेली. दोन तुकडे एकमेकांवर आपटले की खणखणीत आवाज आला पाहिजे. रात्रभर पाण्यात ठेव. सकाळी बोटानं खरवडून माती सुटली तर ती वीट नको. बांधकामावरची जुनी वीट उचलणार असशील तर तिच्यावर लिंबू पिळून बघ. बुडबुडे आले तर सिमेंट-चुना लागलेला आहे, आणि ऑर्किडला पाणी जरा आंबट बाजूचं लागतं, साडेपाच ते साडेसहा पीएच, तिथे चुना घोटाळा करतो. विटेपेक्षाही मला आवडतात ते जुन्या घरांवरचे कवेलू, म्हणजे कौलं. पातळ, सच्छिद्र, फोडायला सोपे. मल्हारगंजात, रामबागेत जुनी घरं पाडतात तेव्हा मी रिक्षा थांबवून पिशवीभर घेऊन आले आहे. घरचे हसतात.

नारळाच्या सोडणाबद्दल जरा जास्त सांगते, कारण लोक इथेच फसतात. सोडण म्हणजे करवंटीवरचा जाड भाग, त्याचे तुकडे. कोकोपीट म्हणजे त्याच सोडणाचा भुसा. वंश एक, पण वागणूक अगदी निराळी. भुसा ओला झाला की गच्च बसतो, तुकड्यांमध्ये फटी राहतात. डब्यात लाडू रचले की मध्ये पोकळ्या राहतात. त्याच डब्यात वरून बारीक शेव ओतली की सगळं भरून जातं. मिश्रणात भुसा पडला की हेच होतं, म्हणून सगळे तुकडे साधारण एका मापाचे हवेत. तुकडे सुक्या नारळाच्या सोडणाचे घ्यावेत. शहाळ्याचं सोडण लवकर मऊ पडतं. आपल्याकडे नारळ सोललेलेच येतात, त्यामुळे सोडण मिळवणं हा एक उद्योगच आहे. खजराण्याच्या गणपतीला नारळ फुटतात ढिगानं, पण त्यांना शेंडीपुरतंच सोडण. मी केरळहून येणारे कापलेले तुकडे पोत्यानं घेते आणि तिघी-चौघी मिळून वाटून घेतो.

पोतं फोडलं की लगेच वापरायचं नाही. नारळ किनाऱ्यावर वाढतो, सोडणात मीठ आणि पोटॅश दोन्ही असतात, वर तो तपकिरी टॅनिनचा रंग. बादलीत बुडवून ठेव, वर दगड ठेव नाहीतर ते तरंगतं. पहिल्या दिवशी पाणी कोऱ्या चहासारखं होईल. ओतून दे, नवं घाल. दुसऱ्या दिवशी फिकट, तिसऱ्या दिवशी आणखी फिकट. माझ्याकडे पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचा टीडीएस मीटर आहे, आरओ दुरुस्त करणारे वापरतात तसला, दोन-तीनशे रुपयांत येतो. भिजवलेल्या पाण्याचा आकडा ताज्या पाण्याच्या जवळ आला की सोडण धुतलं गेलं असं मी समजते. त्यानंतर एक दिवस दर लिटरला एक ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट घातलेल्या पाण्यात ठेवते. सोडणाला चिकटून बसलेलं सोडियम त्यानं सुटतं. नाहीतर तेच सोडण पुढे झाडाला दिलेलं कॅल्शियम स्वतः धरून बसतं. शेवटी साध्या पाण्यातून काढायचं. पाच दिवसांचं काम आहे, पण एकदा केलं की दोन वर्षं बघायला नको.

मॉस न्यूझीलंडचं किंवा चिलीचं येतं, महाग असतं, आणि स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरतं. मुळांत दाबून भरलंस तर आपल्या पावसाळ्यात झाड गेलंच म्हणून समज. ते मी कसं वापरते ते पुढे सांगते. पाईनची साल उत्तम असते, परवडत असेल तर सोडणाच्या जागी घे. नवी असताना ती पाणी झटकून टाकते, म्हणून एक दिवस आधी भिजव. पर्लाइट, भाजलेल्या मातीच्या गोळ्या, थर्मोकोल, चालतं सगळं, अडत मात्र नाही. ट्री फर्नचे ठोकळे कोणी दाखवले तर घेऊ नकोस. ते झाडाएवढ्या नेच्याचं खोड जंगलातून तोडून आणलेलं असतं आणि त्याच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत.

प्रमाण. तुझ्या फॅलेनॉप्सिससाठी कुठलीही एक वाटी घे. चार वाट्या सोडण, तीन वाट्या कोळसा, दोन वाट्या वीट किंवा कवेलू, सगळे तुकडे मोठ्या बोराएवढे. एक वाटी मॉस हातानं विस्कटून त्यात मिसळ, गोळे राहू देऊ नकोस. डेंड्रोबियम घेशील तेव्हा हेच प्रमाण फिरवायचं: पाच कोळसा, चार वीट, एक सोडण, मॉस अजिबात नाही. तिच्या कांड्यांत पाण्याचा साठा असतो, फॅलेनॉप्सिसला तशी सोय नाही. कॅटलियाला डेंड्रोबियमसारखंच, फक्त तुकडे आवळ्याएवढे. ऑन्सिडियमची मुळं बारीक, त्याला तुकडेही बारीक, हरभऱ्याहून थोडे मोठे. व्हँडाला मिश्रणच नको, लाकडी जाळीत दोन-चार कोळसे, बस्स. पण मे महिन्यात तिला सकाळ-संध्याकाळ न्हाऊ घालायला घरात कोणीतरी हवं, म्हणून नोकरी करणाऱ्यांना मी व्हँडा घ्यायला सांगत नाही. जमिनीवरची ऑर्किडं, स्पॅथोग्लॉटिस वगैरे, ती वेगळी जात. त्यांना पालापाचोळ्याचं खत आणि भुसभुशीत माती चालते. नर्सरीवाला "हे पण ऑर्किडच आहे, मातीत लावा" म्हणतो ते बहुतेक त्यांच्याबद्दल असतं.

आता तुझं झाड. सगळी माती धुवून काढ, तो मधला गोळा बोटांनी हळूहळू सोडव, चिमट्याची मदत घे. कात्री गॅसच्या ज्योतीवर धरून निववून घे आणि पोकळ झालेली मुळं कापून टाक. कापलेल्या टोकाला दालचिनीची पूड लाव, पण चांगल्या मुळांवर सांडू देऊ नकोस, ती मुळं वाळवते. मग झाड सावलीत एक दिवस तसंच उघडं ठेव. भिऊ नकोस, काही होत नाही.

बोटभर लांबीची तीन-चार टणक मुळं उरली असतील तर कुंडीत लाव. कुंडी मुळांच्या मापाची, पानांच्या मापाची नव्हे. तू जी मोठी घेतलीस तिच्यात मधला भाग कधी वाळणारच नव्हता. चार इंचांची पुरे. मी पारदर्शक प्लास्टिकचा ग्लास घेते, तापवलेल्या दाभणानं त्याच्या बुडाला आणि बाजूंना पंधरा-वीस भोकं पाडते आणि तो मातीच्या कुंडीत बसवते. ग्लास उचलला की मुळं दिसतात, रुपेरी की हिरवी ते बाहेरूनच कळतं, आणि मातीच्या कुंडीमुळे तो वाऱ्यानं कलंडत नाही. तळाला विटांचा वेगळा थर घालू नकोस. लोक "निचरा होतो" म्हणून घालतात, पण वरच्या बारीक मिश्रणातलं पाणी खालच्या जाड थरात सहजासहजी उतरत नाही, थराच्या तोंडाशीच अडून राहतं. सगळीकडे एकच मिश्रण. बुंधा वर राहू दे, पानांचा खोबणीतला भाग गाडू नकोस. झाड डुलत असेल तर काठीला सुतळीनं बांध, कारण हलणाऱ्या झाडाची नवी मुळं टोकाशी घासून मरतात.

आणि मुळं उरलीच नसतील तर मिश्रणाचा प्रश्नच पुढे ढकल. सोनपापडीचा पारदर्शक डबा घे, झाकणाला चार भोकं पाड. मॉस भिजवून इतकं पीळ की थेंब पडता कामा नये. ते तळाशी पसर, झाड त्यावर नुसतं टेकव, झाकण लाव, उजेडात पण उन्हाबाहेर ठेव. रोज अर्धा तास झाकण उघडायचं, आपल्याकडच्या उकाड्यात बंद ठेवलंस तर पानावर बुरशी चढते. महिना-दोन महिन्यांत बुंध्यातून हिरवट टोक निघतं. मूळ दोन बोटांएवढं झालं की कुंडी. वेळ मात्र योग्य आहे. पावसाळ्याच्या तोंडाला मुळं धरतात. हेच तू मे महिन्यात किंवा डिसेंबरात विचारलं असतंस तर मी हात लावू नकोस म्हणाले असते.

पाणी. बोअरचं पाणी आपल्याकडे जड असतं. माझ्या घरच्या बोअरचा टीडीएसचा आकडा नऊशेच्या आसपास येतो, नर्मदेच्या नळाचा अडीचशेच्या जवळपास. सत्तर किलोमीटरवरून जलूदहून चढवून आणलेलं ते पाणी आपण गाडी धुवायला वापरतो आणि झाडांना बोअर, हे मला कधी पटलं नाही. कुंडीच्या काठावर पांढरी खपली दिसली की समज क्षार साठतायत, आणि ते सगळ्यात आधी मुळाचं टोक जाळतात. नर्मदेचं पाणी दे, पावसाचं साठवता आलं तर त्याहून चांगलं. आरओमधून बाहेर टाकलं जाणारं पाणी अजिबात नको, त्यात क्षार आणखी दाट झालेले असतात. बोअरशिवाय गत्यंतर नसेल तर मिश्रणातलं मॉस वगळून वीट वाढव. कोळसा-वीट धुता येते, मॉसमधलं मीठ निघत नाही. पाणी द्यायचं तेव्हा नळाखाली धरून मिनिटभर वाहू द्यायचं, खाली बशी ठेवायची नाही. रोज कपभर घालणं बंद.

खत मिश्रणात नाही, म्हणून पाण्यातून. पाण्यात विरघळणाऱ्या १९:१९:१९ खताची पुडी आण. दहा लिटरच्या बादलीत चहाचा एक सपाट चमचा, आठवड्यातून एकदा, आधी साध्या पाण्यानं मुळं भिजवून मग. महिन्यातला एक आठवडा नुसतं पाणी. तुझ्या झाडाला मात्र नवं मूळ दिसेपर्यंत काहीच नाही. गांडूळखत तुळशीला घाल.

आता ते मॉस, कारण इंदुरात सगळी मेख तिथे आहे. मिश्रण आपण एकदाच बसवणार आणि ते पावसाळ्याच्या बेतानं मोकळंच ठेवणार. उन्हाळ्याची सोय वरून करायची. होळी झाली की मी प्रत्येक फॅलेनॉप्सिसच्या मिश्रणावर ओल्या मॉसची बोटभर जाड गादी पसरते, बुंध्यापासून जरा दूर. ती वरून होणारं वाळणं अडवते. जून उजाडला की मी आकाशाकडे बघत असते. मृग लागला म्हणून घाई करत नाही, इंदूरला मृग कोरडा जाऊ शकतो. पहिला खरा पाऊस झाला, गच्चीची फरशी दिवसभर ओली राहिली, की त्याच संध्याकाळी सगळ्या गाद्या उचलायच्या, उन्हात वाळवून डब्यात भरायच्या. थंडीत गादी नको. रात्री पारा उतरला की ओलं मिश्रण मुळं गारठवतं, तेव्हा कुंडी खोलीत घे आणि पाणी सकाळीच दे. ते अकरा डेंड्रोबियम गेल्यानंतर ही युक्ती सापडली, आणि त्यानंतर पावसाळ्यात एकगठ्ठा झाडं गेलेली नाहीत.

वाळलं की नाही ते ओळखायला वर बोट लावून बघू नकोस, वरचा थर नेहमी खोटं बोलतो. बांबूची काडी कुंडीत खोलवर खोचून ठेव, दहा मिनिटांनी ओढून गालाला लाव, गार लागली तर आत ओल आहे. उदबत्तीची जळून उरलेली काडी चालते, पण लाल रंगवलेली नको, ती ओली-सुकी कळत नाही. त्याहून पक्कं म्हणजे वजन. स्वयंपाकघरातला काटा घे. पाणी निथळल्यावर कुंडी तोल, आकडा लिही, मग रोज सकाळी तोल. माझी चार इंचांची एक कुंडी भिजल्यावर ४१० ग्रॅम भरते आणि ३३०ला आली की मुळं रुपेरी दिसतात. मे महिन्यात तिथपर्यंत यायला दोन दिवस लागतात, गादी घातली तर चार. ऑगस्टमध्ये सहा. दोन आठवडे असं केलंस की पुढे काटा लागत नाही, हाताला कळतं.

राहिलं ते चारशे रुपयांचं पाकीट. मागवलंस तरी हरकत नाही, फक्त सरळ कुंडीत ओतू नकोस. मी आणवलेल्या एका पाकिटात चाळणीखाली जवळजवळ तिसरा हिस्सा भुसा निघाला होता आणि सोडण धुतलेलं नव्हतं. चाळ, धू, भिजव, मग ते आणि हे सारखंच. पहिल्या झाडापुरतं तुला माझ्याकडचं धुतलेलं सोडण देते. रविवारी पोहे आटोपून ये, दहाच्या आत, नंतर गच्ची तापते. येताना झाड, कात्री आणि तो सोनपापडीचा डबा घेऊन ये. मॉस माझ्याकडे आहे, गेल्याच आठवड्यात गाद्या उचलल्या.